तांदळाच्या कोठीतल्या नोटा आणि त्यातली 'चिप'

नागपुरातल्या ५३ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आहे. त्या घरून जेवणाचे डबे पुरवतात. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक खोली करून राहणारी, शिकणारी मुलं. आठेक वर्षांत थोडे थोडे बाजूला टाकून पावणेदोन लाख रुपये साठले, ते तांदळाच्या स्टीलच्या कोठीत तळाशी ठेवले आहेत. त्यात २ हजारांच्या ९ नोटा अजून तशाच आहेत. नवऱ्याला यातलं काही ठाऊक नाही. २०१६ च्या नोटबंदीत अशीच साठवलेली रक्कम नाइलाजाने बाहेर काढावी लागली होती. ती नवऱ्याच्या खात्यात भरली गेली, दिराच्या गाडीच्या हप्त्यांत गेली आणि परत आली नाही.

मागच्या महिन्यात दिराच्या मुलाने त्यांना एक व्हिडिओ दाखवला. नव्या नोटांच्या चमकत्या पट्टीत चिप असते आणि एका घरात लाखाच्या वर रोकड जमली की उपग्रहावरून सरकारला कळतं, असं त्यात सांगितलं होतं. ताई घाबरल्या आणि साठवणुकीचं त्यालाच सांगून बसल्या. त्याच्या सल्ल्याने नोटा अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळल्या. आता तो म्हणतो, "काकू, माझ्या खात्यात टाकून देतो, नाहीतर इतवारीतून सोनं करून आणतो." डब्याचे अर्धे पैसे मुलं स्कॅन करून देतात, ते नवऱ्याच्या फोनवर जातात, असाही पत्रात ओझरता उल्लेख आहे. ताई लिहितात, "मी काई चोरी नाही केली मॅडम. पण सरकारी माणूस दारात आला तर यांच्यासमोर सगळं निघन. खरंच नोटीत चिप असते का? आन् असली तर मी पैसे कुठं ठेवू?"

ताई,

आधी उत्तर देते, म्हणजे पुढचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल. तुमच्या कोठीतल्या एकाही नोटेत चिप नाही. ५०० च्या नोटेत नाही, २०० च्या नाही आणि त्या ९ गुलाबी नोटांतही नाही. तुमच्या घरात किती नोटा आहेत हे उपग्रहाला, सरकारला किंवा बँकेला नोटेवरून कळण्याची कोणतीही सोय नाही. आज रात्री निवांत झोपा.

ही अफवा तुमच्या पुतण्याने काढलेली नाही, ती जुनी आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटबंदी जाहीर झाली आणि २ हजारांची नवी नोट लोकांच्या हातात पडायच्या आतच ती फोनाफोनी फिरू लागली. नोटेत 'नॅनो जीपीएस चिप' आहे, जमिनीखाली १२० मीटर गाडली तरी पत्ता लागतो, असं त्यात म्हटलं होतं. टीव्हीवरही हे गंभीर चेहऱ्याने सांगितलं गेलं. रिझर्व्ह बँकेने तेव्हाच नाकारलं, पण नकार फारसा कुणी पुढे पाठवला नाही. तुम्ही विश्वास ठेवलात यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चांगली शिकलेली माणसंही त्या काळात दोन हजारांची नोट दिव्यासमोर धरून चिप शोधत होती.

हे शक्य का नाही, तेही सांगते, कारण नुसतं 'खोटं आहे' म्हटल्याने भीती जात नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २० हजार किलोमीटर वर फिरतात आणि सतत संदेश सोडत राहतात. फोन ते संदेश ऐकतो आणि स्वतःची जागा काढतो. उपग्रहाला मात्र त्या फोनची काहीच खबर नसते. तुम्ही स्वयंपाक करताना आकाशवाणी लावता, तेव्हा कोण ऐकतंय हे आकाशवाणीला कळत नाही, तसंच हे. फोनची जागा दुसऱ्याला कळते ती फोन मोबाइल टॉवरमार्फत ती पाठवतो म्हणून. पाठवायला बॅटरी लागते, अँटेना लागते. कापसाच्या कागदाच्या घडीत यातलं काही बसत नाही, आणि वर्षानुवर्षं कोठीत पडलेल्या नोटेला वीज पुरवणार कोण?

आता तुमचा पुतण्या म्हणेल, बॅटरीशिवाय चालणाऱ्या चिपा असतात. खरं आहे, असतात. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग तसलाच. मेट्रोचं कार्ड, टॅप करून चालणारं एटीएम कार्ड, आता नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयातून मिळणारा चिपवाला पासपोर्ट, हे सगळे त्याच कुळातले. पण यातला एकही आपणहून बोलत नाही. समोरचं यंत्र लहरी सोडतं, त्या लहरींच्या शक्तीवर चिप क्षणभर जागी होते आणि आपला नंबर सांगते. फास्टॅग टोलनाक्यावरच्या अँटेनाला काही मीटरवरून वाचता येतो, मेट्रोचं कार्ड यंत्राला जवळजवळ टेकवावं लागतं. उपग्रहाचा इथे काही संबंध नाही. आणि धातू मध्ये आला की या लहरी अडतात. म्हणजे नोटेत चिप असती असं क्षणभर धरून चाललं, तरी तुमच्या स्टीलच्या कोठीने ती कधीच मुकी केली असती.

नोटेत चिप घालण्याचा विचार जगात कधी झालाच नाही, असंही नाही. जपानच्या हिताची कंपनीने २००१ मध्ये 'म्यू-चिप' नावाची ०.४ मिलिमीटरची चिप दाखवली आणि २००३ च्या सुमारास युरोच्या नोटांत ती घालण्याची बोलणी चालू असल्याच्या बातम्या आल्या. पुढे त्यातून काही निघालं नाही. युरोच्या नोटा आजही चिपशिवायच छापल्या जातात. आणि ती चिप घातली असती तरी वाचण्यासाठी यंत्र नोटेच्या अगदी जवळ न्यावं लागलं असतं.

एक काम करा. दिवसाउजेडी खिडकीपाशी बसून ५०० ची एक नोट हातात घ्या. व्हिडिओत दाखवलेली ती चमकती पट्टी बघा. समोरून ती तुटक दिसते, कारण ती कागदात विणल्यासारखी आतबाहेर जाते. नोट उजेडावर धरली की सलग रेघ दिसेल. नोट थोडी तिरपी करा, पट्टीचा हिरवा रंग निळा होतो. बारकाईने पाहिलं तर तिच्यावर 'भारत' आणि इंग्रजी अक्षरांत आरबीआय लिहिलेलं आहे. ती प्लास्टिकची पातळ पट्टी आहे. खोटी नोट छापणाऱ्याला हा रंगबदल साधत नाही, म्हणून ती घातलेली आहे. आता डोळे मिटून नोटेच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवा. पाच तिरप्या रेघा बोटाला लागतील. ज्यांना दिसत नाही त्यांना नोट ओळखता यावी म्हणून त्या उठावदार छापलेल्या असतात. गांधीजींचं चित्रही हाताला खडबडीत लागतं. कोऱ्या जागेतून उजेड पाहिला तर तिथेही त्यांचा चेहरा उमटतो. नंबरातले आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. बँकेतल्या यंत्राला यातल्या काही खुणा वाचता येतात, काही अतिनील दिव्याखाली चमकतात, पण त्यासाठी नोट त्या यंत्रातून जावी लागते. तेव्हाही यंत्र एवढंच बघतं की नोट खरी आहे का.

ते फॉइल मात्र आजच काढा. फॉइलमध्ये हवा खेळत नाही, पावसाळी दमट दिवसांत आत ओल धरते आणि नोटा एकमेकींना चिकटतात. चिकटल्या असतील तर ओढून वेगळ्या करू नका. सावलीत पसरून वाळू द्या, मग अलगद सोडवा. एखादी फाटलीच तर घाबरू नका. ५० रुपये आणि त्यावरच्या नोटेचा एकसंध मोठा तुकडा ८० टक्क्यांहून जास्त शिल्लक असला, तर बँक पूर्ण किंमत देते. ४० ते ८० टक्के असला तर निम्मी. हे काम कोणत्याही बँकेच्या शाखेत होतं, तिथे तुमचं खातं असण्याची गरज नाही.

मग नोटेचा माग लागतच नाही का? लागतो, पण माणसामुळे. प्रत्येक नोटेला नंबर आहे आणि तो नंबर कुणीतरी मुद्दाम लिहून ठेवला तर उपयोगी पडतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा लावतो तेव्हा नेमकं हेच करतो. तक्रारदाराने आणलेल्या नोटांचे नंबर पंचांसमोर पंचनाम्यात उतरवतात आणि नोटांना पावडर लावतात. ती पावडर फिनॉल्फ्थॅलिनची असेल, तर लाच घेणाऱ्याचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवताच पाणी गुलाबी होतं. मग त्याच्या खिशातल्या नोटा पंचनाम्यातल्या नंबरांशी ताडून पाहतात. अर्ध्या तासाचा हा प्रवास सिद्ध करायलासुद्धा एवढी माणसं, एवढे कागद आणि एवढी तयारी लागते. अमेरिकेत 'व्हेअर्स जॉर्ज' नावाचं एक संकेतस्थळ १९९८ पासून आहे. हौशी लोक आपल्या हातातल्या डॉलरच्या नोटेचा नंबर तिथे नोंदवतात. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या नोंदींवरून माणसं किती लांब प्रवास करतात याचा अभ्यास केला. तिथेही नोट कुठे होती हे कळलं ते कुणीतरी नंबर टाइप केला म्हणून. मधल्या काळात ती कुणाच्या पाकिटात होती, हे कुणालाच माहीत नाही. तुम्ही भाजीवाल्याला दिलेली नोट त्याने कळमन्याच्या अडत्याला दिली, तर त्या नोटेवर तुमचं नाव लागत नाही.

आजच्या काळात आपली एवढी पाठराखण करणारी वस्तू कागदी नोटेशिवाय दुसरी क्वचितच सापडेल. आणि भीती वाटते ती नेमकी तिचीच, याचं मला वाईट वाटतं. स्कॅन करून दिलेल्या प्रत्येक रुपयामागे कुणी दिला, कुणाला दिला, किती वाजता दिला याची नोंद राहते. ती बँकेकडे असते, अॅपकडे असते. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठी डिजिटल रुपयाचाही प्रयोग सुरू केला आहे. या नोंदी कुणी बघाव्यात, किती काळ ठेवाव्यात, हे प्रश्न खरे आहेत आणि नागरिकांनी ते विचारलेच पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो हक्क मोठ्या माणसांचा आणि मोठ्या रकमांचाच आहे, असं त्यांनी म्हटलेलं नाही. तांदळाच्या कोठीलाही तो लागू आहे.

आता मला तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबायचं आहे. 'सरकारी माणूस दारात आला तर यांच्यासमोर सगळं निघन.' ताई, या वाक्यात तुमची भीती सरकारची नाही. सरकारला कळलं तर काय होईल हे तुम्ही लिहिलेलंच नाही. यांना कळलं तर काय होईल, याने तुमची झोप उडाली आहे. तो व्हिडिओ तुम्हाला एवढा लागला, कारण २०१६ मध्ये हे एकदा घडून गेलंय. तेव्हाही नोटेत चिप नव्हती. एका रात्रीत नोटा बाद झाल्या आणि देशभरच्या कितीतरी बायकांना डाळीच्या डब्यातले, साडीच्या घडीतले पैसे घरच्यांसमोर काढावे लागले. त्यांतले बरेच पुन्हा त्यांच्या हाती आले नाहीत. तो घाव मला समजतो. म्हणून तुमचा प्रश्न मी असा वाचते आहे: माझ्या कष्टाचे पैसे माझ्याच हातात राहावेत, यासाठी काय करू?

सरकारचं आधी उरकून टाकते. घरात किती रोकड ठेवावी याला कायद्यात मर्यादा नाही. विचारणा झालीच तर पैसे कुठून आले हे सांगता आलं पाहिजे, एवढंच. तुमचे पैसे डब्यांचे आहेत आणि आठ वर्षांत पावणेदोन लाख म्हणजे वर्षाला वीस-बावीस हजारांची बचत. यावर कुणी भुवई उंचावणार नाही. नोटबंदीच्या वेळी गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेची चौकशी होणार नाही, असं सरकारने जाहीर केलं होतं; २०२१ मध्ये आग्र्याच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणानेही तशा रकमेला गृहिणीची बचतच मानलं. तरीही एक साधी वही घाला. महिन्याला किती डबे गेले, किराण्याला किती लागले, हाती किती उरले, एवढंच लिहा. ती वही सरकारला दाखवण्याची वेळ बहुधा येणारच नाही. पण आपण किती कमावतो हे स्वतःच्या अक्षरात डोळ्यांसमोर असलं, की घरात बोलताना आवाज बदलतो.

पुतण्याबद्दल मी जपून लिहिते. मुलाच्या मनात वाईट असेलच असं नाही. व्हिडिओ पाहून तोही घाबरला असेल आणि काकूला मदत करावी असं त्याला खरंच वाटत असेल. पण एवढं बघा: जिने भीती वाटली ती गोष्ट आणि तिच्यावरचा उपाय, दोन्ही एकाच माणसाकडून आले आहेत, आणि त्या उपायात पैसे तुमच्या हातातून त्याच्या हातात जातात. असं जेव्हा जेव्हा होतं, मग समोर पुतण्या असो, एजंट असो की फोनवरचा गोड आवाज, तेव्हा तेव्हा थांबायचं. त्याच्या खात्यात गेलेले पैसे कागदोपत्री त्याचे होतात. उद्या त्याचं लग्न झालं, कर्ज थकलं, किंवा दिराने 'माझ्या मुलाच्या खात्यातले पैसे' म्हणून हात घातला, तर तुमच्याकडे दाखवायला काय आहे? त्याला तोडून बोलू नका. 'बाबू, मी बँकेत विचारून आली, नोटीत काई नसते. आता मी माझं पाहतो' एवढं पुरे. बँकेत जाऊन खरंच विचारा, म्हणजे ते खोटंही ठरणार नाही.

सोन्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सोनं वाईट नाही. पण सगळी रक्कम दागिन्यांत घालू नका. ३ टक्के जीएसटी, वर घडणावळ, आणि मोडायला गेलं की घडणावळ बुडते. शिवाय दागिना लपवावा लागतोच, म्हणजे कोठीतली चिंता कपाटात जाते, एवढंच. थोडं घ्यायचंच असेल तर स्वतः जा, हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक बघा आणि बिल तुमच्या नावाचं घ्या.

मग राहिली बँक. तुमचं एकटीच्या नावाचं खातं आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लाडकी बहीण योजनेसाठी २०२४ मध्ये उघडलेलं किंवा आधारशी जोडलेलं एखादं खातं असेल, तर ते शोधा. नसेल तर राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा पोस्टात नवीन उघडा, एकटीच्या नावाने. बँकेत ५ लाखांपर्यंतची ठेव विम्याने सुरक्षित असते. पतसंस्थेला हे विमासंरक्षण नाही, म्हणून जास्त व्याजासाठी तिकडे जाऊ नका. नवऱ्याने काउंटरवर येऊन विचारलं म्हणून बँक तुमच्या खात्याची माहिती त्याला देऊ शकत नाही. वारस म्हणून मुलीचं, बहिणीचं, कुणाचंही नाव लावता येतं आणि ते नाव लावल्याने तुमच्या हयातीत त्या व्यक्तीला पैशांवर हक्क मिळत नाही.

बायका नेमक्या फसतात त्या पुढच्या गोष्टीत. खातं बाईच्या नावाचं, पण मोबाइल नंबर नवऱ्याचा! पैसे भरले की मेसेज त्याच्या खिशात वाजतो. तुम्ही नोटेत जी चिप शोधत होतात, तिचं काम हा नंबर करतो. म्हणून पैसे भरायच्या आधी तपासा: बँकेत कोणता नंबर आहे, आधारला कोणता जोडला आहे, पॅन असेल तर तिथे कोणता आहे. नवऱ्याचा किंवा मुलाचा असेल तर आधी बदला. आधारचा नंबर आधार सेवा केंद्रात बोटांचे ठसे देऊन बदलता येतो. पत्त्यावर टपालाने काय काय येतं तेही विचारून घ्या. एटीएम कार्ड घरी येईल, नको असेल तर तसं सांगा. पासबुक छापून घ्या आणि कुठे ठेवायचं ते तुम्ही ठरवा. तुमचा साधा बटणांचा फोन असला तरी चालतो, बँकेचे मेसेज त्यावर येतात. मोठी रक्कम रोख भरताना पॅन मागतात. नसेल तर आधारवरून ई-पॅन मोफत निघतं. पकडलं जाऊ नये म्हणून रोज थोडे थोडे भरण्याचा खटाटोप नको, त्याने उगीच संशय येतो. एकदाच जा, भरा, पावती घ्या. सगळी रक्कम भरलीच पाहिजे असंही नाही. दवाखान्याची वेळ रात्री-अपरात्री येते, तेव्हा घरात पंधरा-वीस हजार रोख असलेली बरी.

त्या ९ गुलाबी नोटांचं लवकर करा. २ हजारांच्या नोटा रिझर्व्ह बँकेने १९ मे २०२३ रोजी चलनातून मागे घेतल्या. त्या बाद झालेल्या नाहीत, पण दुकानदार घेत नाही आणि साध्या बँकेतही आता बदलून मिळत नाहीत. आपलं नशीब असं की देशातल्या ज्या १९ रिझर्व्ह बँक कार्यालयांत त्या बदलता येतात, त्यांत नागपूर आहे. संविधान चौकातली ती मोठी इमारत. एका वेळी २० हजारांपर्यंत बदलून देतात. तुमचे होतात १८ हजार. आधार कार्ड बरोबर न्या. ज्यांना नागपूरला येणं जमत नाही, त्या भंडारा-गोंदियाच्या, गडचिरोलीच्या वाचकांना नोटा पोस्टाने पाठवून रक्कम स्वतःच्या खात्यात जमा करून घेता येते. बाहेर कुणी 'मी बदलून आणतो, इतके टक्के द्या' म्हणालं तर एक रुपयाही देऊ नका. जुन्या नोटा जास्त किमतीला विकत घेतो, असे फोन येतात तेही फसवेच असतात. कुणी आधीच फसलं असेल तर १९३० वर लगेच फोन करा.

आता नवऱ्याला सांगायचं का? इथे मी तुमच्या वतीने ठरवू शकत नाही, पण माझं मन काय म्हणतं ते लिहिते. तुमच्या पत्रात यांच्या मारहाणीचा, धाकाचा उल्लेख नाही. भावाला 'नाही' म्हणता येत नाही असा माणूस त्यातून दिसतो. असा माणूस वाईट नसतो, पण त्याच्या हातात पैसा टिकत नाही. अशा घरात पैसे आधी सुरक्षित जागी जावेत आणि बोलणं नंतर व्हावं. खातं उघडून, पैसे भरून झाल्यावर एखाद्या निवांत दिवशी 'मी माझ्या नावाने थोडं जमवलंय, म्हातारपणासाठी आहे, त्याला हात लावायचा नाही' असं सांगता आलं, तर माझं मत सांगण्याच्या बाजूने आहे. आकडा सांगायची गरज नाही. आयुष्यभर लपवत राहण्याचाही ताण असतो, तो तुम्ही वाहत आला आहात. नाहीच सांगावंसं वाटलं तर तोही तुमचा हक्क आहे. हिंदू कुटुंबांपुरतं बोलायचं तर १९५६ च्या वारसा कायद्याचं कलम १४ स्पष्ट आहे: बाईने स्वतःच्या कष्टाने मिळवलेल्या संपत्तीची ती पूर्ण मालकीण असते. आणि जिथे बाईची कमाई धाकदपटशाने काढून घेतली जाते, तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा त्याला आर्थिक छळ म्हणतो. हे वाचणाऱ्या कुणावर तशी वेळ असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला.

पण एका माणसाला तरी कळू द्या. मुलगी असेल तर मुलगी, नाहीतर बहीण, एखादी जुनी मैत्रीण. खातं कुठे आहे, पासबुक कुठे आहे, एवढंच तिला माहीत असावं. कुणालाच माहीत नसलेले पैसे माणूस अचानक आजारी पडला की कुणाच्याच उपयोगी पडत नाहीत.

शेवटी त्या स्कॅनच्या पैशांचं. तुम्ही ते पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलात, मला मात्र तीच ओळ सगळ्यात मोठी वाटली. कोठीत साठतं त्याहून कितीतरी जास्त दर महिन्याला नवऱ्याच्या खात्यात जातंय, आणि स्वयंपाक तुमचा आहे. नवीन खातं उघडाल त्याच दिवशी बँकेत तुमच्या खात्याचा क्यूआर मागा. बँका तो छापून देतात, आणि तुमच्याकडे स्मार्टफोन नसला तरी पैसे तुमच्याच खात्यात जमा होतात. सगळं एका फटक्यात वळवलं तर घरात प्रश्न येईल, आणि घरखर्चही त्यातूनच चालत असेल. म्हणून महिन्याच्या १ तारखेपासून नव्याने लागणाऱ्या मुलांना तुमचा क्यूआर द्या, जुन्यांचं चालू आहे तसं चालू द्या. दोन-तीन महिन्यांनी वही उघडून कोणत्या खात्यात किती आलं ते बघा, आणि मला कळवा.